कुलपातली चारशे अकरा पावलं

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

नवी वही आहे, म्हणून पहिल्या पानावर रीतसर ओळख. वय चौपन्न. धंदा बुटांचा, पण खोक्यातले तयार बूट माझ्याकडे मिळत नाहीत. ज्यांच्या पायात कुठलाच तयार बूट बसत नाही, ते माझ्याकडे येतात. कुणाची बोटं एकावर एक चढलेली, कुणाची टाच वाकडी, कुणाचं अर्धं पाऊल अपघातात गेलेलं. बाबा हे सगळं हातानं मोजायचे. मी नऊ वर्षांपूर्वी काचेचं यंत्र घेतलं. माणूस काचेवर उभा राहिला की त्याचं पाऊल कॉम्प्युटरमध्ये जातं आणि त्या फाइलवरून दुसरं यंत्र लाकडाचा फर्मा कोरून देतं. फर्मा म्हणजे पावलाचा लाकडी जुळा. बूट त्याच्यावर चढवून शिवायचा.

आज मुद्दाम मोजलं. दोनशे सहा गिऱ्हाइकं, चारशे अकरा पावलं. एक कमी, कारण घड्याळवाल्या काकांना एकच पाय आहे. "मला अर्धाच चहा द्या" हा विनोद ते दर वेळी करतात आणि मी दर वेळी हसते.

बसवाले येऊन गेले. वीस वर्षं शहराची बस चालवतायत. अपघातानंतर डावं पाऊल लहान आणि ताठ झालंय. जुना बूट इतका झिजलाय की क्लचवरून पाय घसरतो. एकोणीस तारखेला त्यांची डॉक्टरी तपासणी आहे. पाय घसरला तर बस सुटली आणि डेपोत खुर्चीवर बसायची वेळ आली. मी म्हटलं, "काळजी कसली करताय? तुमची फाइल आहे. बटण दाबलं की फर्मा तयार."

दुपारी कुरियरची मेल आली. पार्सल अडकलंय, पावती जोडली आहे. चामड्याची वाट बघतच होते. पावती उघडली तर वर पिवळी पट्टी, मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या म्हणून. दिली. अँटिव्हायरस मध्येच किंचाळला, त्याला गप्प केलं. तो फर्मा कोरतानासुद्धा असाच उगाच ओरडतो. एवढं करून पान कोरंच! लोकांना साधी पावती धड पाठवता येत नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर

सकाळी दुकान उघडलं. कॉम्प्युटर मी कधी बंद करत नाही, चालू व्हायला त्याला फार वेळ लागतो. पडदा काळा आणि मधोमध एक पत्र. "आदरणीय ग्राहक, आपल्या सर्व फाइल सुरक्षित आहेत. फक्त आपण त्या उघडू शकत नाही." पुढे रक्कम. आमच्या दुकानाची दोन वर्षांची कमाई! सात दिवसांत न दिल्यास दुप्पट. विश्वासासाठी एक फाइल फुकट उघडून मिळेल, आणि शेवटी "आपला दिवस आनंदात जावो." इतका सभ्य दरोडा मी आजवर पाहिला नव्हता.

चारशे अकरा फाइलींच्या नावांना प्रत्येकी एक विचित्र शेपूट लागलंय. कुठलीही उघडा, नुसती विटकरीची पूड.

हे धावत आले. (हे म्हणजे माझे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त.) म्हणाले, "बंद करून परत चालू कर." यांचा प्रत्येक यंत्रावर हाच उपाय. तेवढ्यात मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांना फोन लावला होता. त्यांना आम्ही हळूहळू म्हणतो, कारण एरवी फोनवर त्यांचं पहिलं वाक्य त्या शब्दानं सुरू होतं. आज मात्र ते ओरडले, "इंटरनेटची वायर काढा! लगेच! वायफाय बंद! आणि काही पुसू नका, कशालाही हात लावू नका."

मी म्हटलं, "बाहेरची डिस्क आहे ना माझी. रोज सगळं तिच्यावर उतरतं."

"ती कुठे आहे?"

"कॉम्प्युटरलाच लावलेली असते. कायम. विसरायला नको म्हणून."

डिस्कवरच्या फाइलींनाही शेपटं फुटली आहेत.

मंगळवार, १० ऑक्टोबर

हळूहळू आले. बसले, चष्मा पुसला, पाणी प्यायले. मग मला समजेल असं सांगितलं.

हा प्रोग्रॅम एकेक फाइल घेतो आणि तिच्यातला मजकूर गणितानं असा ढवळतो की त्याचा अर्थच उरत नाही. प्रत्येक फाइलची किल्ली वेगळी. मग त्या सगळ्या किल्ल्या तो एका पेटीत टाकतो. पेटीचं कुलूप असं, की दाबलं की लागतं, ते कुणालाही लावता येतं. पण ते उघडायची मोठी किल्ली फक्त त्या लोकांकडे. ती माझ्या कॉम्प्युटरवर कधी आलीच नाही, मग शोधून सापडणार कशी?

"मग तोडा कुलूप."

"जगातले सगळे कॉम्प्युटर कामाला लावले तरी तुमची पतवंडं म्हातारी होतील, ताई."

कॉम्प्युटर गुपचूप जुन्या फाइलींच्या प्रती ठेवतो म्हणे, पण ढवळायला बसण्याआधी यानं त्याच पहिल्यांदा पुसल्या. चोर घरात शिरून आधी कुत्र्याला बिस्किट घालतो, तसं. आणि काम केलं रविवारी, दुकान बंद असताना.

"आत शिरला कधी?" मी विचारलं.

"शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी तुम्ही कुठली अनोळखी मेल उघडली होती का?"

"छे. एक पावती आली होती, ती तर कोरीच होती. काहीच नव्हतं तिच्यात."

हळूहळूंनी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे बघायला लागले. आमच्या छताला ओल आली आहे, आज यांना दिसली असावी.

माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. शनिवारी धाकटे भाऊजी आले होते! यांचे भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतात, दोन गल्ल्या सोडून राहतात. कुठलासा फॉर्म छापायला आले आणि खिशातून स्क्रू, टेप, सुटे बल्ब यांच्याबरोबर पेनड्राइव्ह काढून माझ्या कॉम्प्युटरला लावला. मी म्हटलं, "तोच! त्या पेनड्राइव्हमधूनच आला."

यांना खोकल्याची उबळ आली.

बुधवार, ११ ऑक्टोबर

भाऊजी आले. मी तोंडावरच विचारलं. आधी ते गडबडले. यांनी त्यांना जरा बाहेर नेलं, परत आल्यावर म्हणाले, "हो वहिनी, असेल. माझा पेनड्राइव्ह कुठे कुठे फिरतो. चूक झाली."

निदान कबूल केलं, एवढं बरं. चहा दिला, पण बिस्किटं ठेवली नाहीत.

हळूहळूंनी सगळ्या कुलूपबंद फाइलींची एका नव्या डिस्कवर प्रत करून घेतली. मी म्हटलं, या चिखलाची प्रत कशाला? तर म्हणाले, कधी कधी हे टोळीवाले पकडले जातात, कधी त्यांच्या गणितात चूक निघते, मग किल्ली बाहेर येते. तेव्हा चिखल जपून ठेवलेला बरा. काही देशांचे पोलीस मिळून एक फुकट साइट चालवतात. तिथे ते सभ्य पत्र आणि एक बिघडलेली फाइल पाठवली की आपला विषाणू कुठल्या जातीचा ते कळतं. पाठवलं. उत्तर आलं की जात ओळखली, किल्ली अजून नाही.

आणि पैसे दिले तर? "देऊन कित्येकांना किल्ली मिळालेली नाही. मिळाली तरी अर्ध्या फाइली मोडक्या निघतात. शिवाय पैसे देणारं गिऱ्हाईक म्हणून नाव लागतं, ते वेगळंच."

खरं लिहायचं तर दुपारी मी एकटी असताना फोनवरून त्यांना मेल लिहायला घेतली. फुकट उघडून देतात ती एक फाइल बसवाल्यांची मागावी म्हणून. पण लिहिता लिहिता हात वेगळ्याच वळणाला गेला. "तुमच्या आईचे पाय कधी दुखले नाहीत का? ती कुणाकडून बूट करून घेते?" असं बरंच. वाचून पाहिलं, बरं वाटलं, पुसून टाकलं.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

जे सापडतंय ते गोळा करणं चालू आहे.

विषाणूनं कुलूपबंद प्रत करून मूळ फाइल पुसली होती. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असते. हळूहळूंनी एक प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवला. एकतीस पावलं निघाली. त्यातली एकोणीस धड. बाकी बारा अर्धवट, टाच आहे, बोटंच नाहीत. नाचाच्या बाईंचं पाऊल तर नुसता अंगठा. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "माझं तेवढंच चांगलं आहे, ठेवा."

पायाच्या डॉक्टरांना मी अधूनमधून फाइली मेलनं पाठवते. पाठवलेल्या मेलमध्ये बावीस मिळाली. काचेच्या यंत्राच्या पोटात शेवटची बारा होती.

बसवाले यांत कुठेच नाहीत. आणि त्यांचा पाय पुन्हा मोजून उपयोग नाही, कारण फर्मा कोरणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅमही कुलपात गेलाय. कंपनीचा माणूस तीन आठवड्यांनी येणार.

बसवाल्यांना सांगितलं. टोपी हातात घेऊन फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या बाबांच्या वेळी यंत्र कुठे होतं?"

होतं कुठे! पण बाबांचे हात बाबांचे होते. मी नऊ वर्षांत कानस हातात धरलेली नाही.

रविवार, १५ ऑक्टोबर

कधी नव्हे ते आज रविवारी दुकान उघडं. शंभराहून जास्त माणसं!

कल्पना भाऊजींची, हे मान्य करायला हवं. त्यांनी दोन दिवस रजा टाकून यादीतल्या सगळ्यांना फोन लावले आणि म्हणाले, "वहिनींना तुमचे पाय परत हवेत." अशा निरोपाला कोण नाही म्हणेल? रांग फुटपाथवर गेली. टपालवाल्या बाईंनी रांगेची सूत्रं हातात घेतली. यांनी कागद अंथरले, पेन्सिलीनं पावलं गिरवली, मी फितीनं माप घेतलं, हळूहळूंच्या लॅपटॉपला काचेचं यंत्र जोडलं. भूगोलाच्या मास्तरांनी प्रत्येक पावलाखाली उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढलाय. का, ते विचारलं नाही.

एक गोष्ट लक्षात आली. पावलं बदलली आहेत. टपालवाल्या बाईंचा पाय अर्धा इंच पसरलाय. घड्याळवाल्या काकांचा एकच पाय आता सगळा भार घेऊन चपटा पडलाय. मी दर वर्षी त्यांना जुन्याच फाइलवरून बूट देत होते आणि ते "छान, छान" म्हणत घालत होते.

"टोचत होता का हो?"

"थोडासा. तुम्हाला कशाला त्रास!"

संध्याकाळी भाऊजी कोपऱ्यात एकटेच बसले होते, घसा पार बसलेला. मी त्यांना बिस्किटं दिली. दोन.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

बसवाल्यांचा फर्मा हातानं कोरतेय. पहिला बिघडला. अंगठ्याच्या हाडाजवळ जास्त घासलं गेलं, आणि लाकूड परत लावता येत नाही. दुसराही बिघडला. उजव्या हाताला तीन फोड. हे म्हणाले, "अगं, जरा थांब." मी म्हटलं, थांबले तर रडेन.

तिसऱ्याला डोळे मिटून बोटांनी चाचपत गेले. बाबा असंच करायचे, मला वाटायचं पेंगतायत. बसवाल्यांना समोर बसवून एक हात त्यांच्या पावलावर, एक हात लाकडावर. पावलाची कमान, ताठ बोटं, टाचेवरचा व्रण. चार तास. मध्ये ते म्हणाले, "ताई, गुदगुल्या होतायत," आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

फर्मा झाला.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

काल दिवसभर शिलाई, तळाला खरबरीत रबर. आज सकाळी त्यांनी बूट घातला, दुकानात चार येरझाऱ्या मारल्या, मग खुर्चीत बसून हवेतला क्लच दाबला. वीसदा.

दुपारी साडेतीनला दुकानासमोर शहराची बस थांबली. आमच्या गल्लीत बस येतच नाही! दार उघडलं, बसवाले आतून ओरडले, "पास!" मागे एकही प्रवासी नव्हता, डेपोत परत नेता नेता वाट वाकडी करून आले होते. गल्लीतून ती बस मागे घ्यायला अर्धा तास लागला. रिक्षावाले काय काय म्हणाले ते लिहीत नाही.

सोमवार, ६ नोव्हेंबर

पोलिसांत तक्रार द्यायची राहूनच गेली होती. हे दर वेळी काहीतरी कारण काढत होते. पाऊस आहे, सुट्टी आहे, मी एकटा जाऊन येतो. आज मीच निघाले, तर हे मागोमाग आले.

सायबर विभागातल्या बाई चटपटीत. त्यांनी विचारलं, "पहिली संशयास्पद गोष्ट कधी घडली? तारखेनिशी सांगता येईल?"

मी अभिमानानं म्हटलं, "तारखेनिशी? मी रोज लिहिते," आणि पर्समधून ही वही काढली. मोठ्यानं वाचायला लागले. शुक्रवार, सहा ऑक्टोबर. बसवाले, क्लच, कुरियरची मेल, पिवळी पट्टी, परवानगी दिली, अँटिव्हायरस किंचाळला, त्याला...

तिथे मी वाचायची थांबले.

बाईंनी टाइप करणं थांबवलं. यांच्याकडे पाहिलं तर हे भिंतीवरच्या घड्याळाकडे एकटक बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," हे म्हणाले. "हळूहळूंना ती मेल लगेच सापडली होती. पण तू इतकी घाबरली होतीस. त्यात हेही कळलं असतं तर कानस हातात धरली असतीस का?"

"आणि भाऊजी?"

"त्याला मी बाहेर नेऊन सांगितलं. तो म्हणाला, एवढंच ना? माझ्या नावावर लिही."

बाई समजूतदार. म्हणाल्या, "रोज येतात माझ्याकडे अशी माणसं. मागच्या महिन्यात एक न्यायाधीश आले होते, त्यांनीही पावतीच उघडली होती." मग तक्रार घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "तुमच्याकडे शिरलेल्या विषाणूची टोळी गेल्या आठवड्यात पकडली गेली. त्या फुकट साइटवर परत बघा."

रस्ताभर मी यांच्याशी बोलले नाही. रागानं नाही, शरमेनं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

किल्ली आली!

हळूहळूंनी जपून ठेवलेल्या चिखलावर तिचा प्रोग्रॅम चालवला. एकेक शेपूट गळायला लागलं. तीनशे चौऱ्याण्णव पावलं उघडली, सतरा कायमची गेली. सगळे टाळ्या वाजवत होते. मी बसवाल्यांची फाइल उघडून माझ्या फर्म्याशी ताडून पाहिली. माझा फर्मा अंगठ्यापाशी दोन मिलिमीटर रुंद. नेमका तिथेच त्यांना पूर्वी फोड यायचा.

म्हणजे यंत्राला जे मोजता आलं, तेवढंच त्यानं कोरलं होतं. आता जुन्या फाइली ठेवणार, पण बूट नव्या मापावर.

नवे नियम मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलेत. प्रती तीन. एक ऑनलाइन, जिथे जुनी आवृत्तीही राहते. एक डिस्क दुकानात, काम झालं की वायर काढून कपाटात. एक डिस्क दुकानाबाहेर, दुसऱ्याच्या घरी. अनोळखी मेलमधली पावती उघडायची नाही, आधी कुरियरला फोन. पिवळ्या पट्टीला परवानगी कोण देतं ते बघतेच.

रविवार, १२ नोव्हेंबर

चार दिवस धीर होत नव्हता. आज तिसऱ्या प्रतीची डिस्क घ्यायला भाऊजी आले, त्यांच्याच घरी ती राहणार. नेहमीसारखे उभ्या उभ्या निघाले होते.

मी म्हटलं, "भाऊजी, चूक माझी होती. तुम्ही ती अंगावर घेतलीत आणि मी महिनाभर तुम्हाला, ती दोन बिस्किटं सोडली तर, कोरडा चहा पाजला. माफ करा."

ते इतके लाजले, की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासारखे दार शोधायला लागले. "जाऊ द्या हो वहिनी. तसंही मला बिस्किटं आवडत नाहीत."

हे खोटं होतं.

"बसा तिथे. मोजे काढा."

"कशाला? माझे पाय सरळ आहेत. बाजारातला बूट बसतो मला."

"काढा म्हणते ना."

बसले. एका मोज्याला भोक होतं, ते त्यांनी अंगठा दुमडून लपवायचा प्रयत्न केला. मी काचेचं यंत्र बाजूला सरकवलं आणि फीत घेऊन खाली बसले. उजवं मोजलं. डावं मोजलं. पुन्हा उजवं मोजलं.

"डावं नऊ मिलिमीटर मोठं आहे, भाऊजी. इतकी वर्षं डावा बूट चावत नव्हता?"

ते विचारात पडले. "चावतो की. पण मला वाटायचं, सगळ्यांनाच डावा चावतो."

हे आतल्या खोलीतून हसले. मी हसले नाही. त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून बोटांनी टाचेपासून चाचपायला सुरुवात केली.